ब्रिगेड नवी, निर्णयाचा अधिकार जुनाच?



कारगिल विजय दिनी, २६ जुलै २०२५ रोजी, लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी द्रास येथे 'रुद्र' ब्रिगेड आणि 'भैरव' बटालियनची घोषणा केली. पायदळ, रणगाडे, तोफखाना, विशेष दले आणि ड्रोन एकाच ब्रिगेडच्या छत्राखाली आणण्याचा हा निर्णय स्वागतार्ह आहे. त्यानंतरची चर्चा मात्र कोणाला किती ड्रोन मिळणार, याभोवतीच घुटमळत राहिली. आघाडीवरच्या कमांडरला वरून हुकूम येण्याची वाट न पाहता निर्णय घेता येणार का, हा खरा प्रश्न. तो कोणी विचारलाच नाही.

या सुधारणेचे मूळ ऑपरेशन पराक्रममध्ये, म्हणजे २००१-०२ च्या सीमेवरील सैन्याच्या जमवाजमवीत आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. मथुरा, अंबाला आणि भोपाळ येथील तीन अवाढव्य स्ट्राइक कोअर सीमेवर पोहोचेपर्यंत सुमारे तीन आठवडे गेले. १२ जानेवारी २००२ रोजी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध भाषण केले, अमेरिकेचा दबाव वाढला आणि चढाईची संधी निघून गेली. सैन्य जवळपास दहा महिने सीमेवर तिष्ठत राहिले. या अनुभवातून २००४ मध्ये 'कोल्ड स्टार्ट'ची कल्पना पुढे आली: छोट्या, स्वयंपूर्ण गटांनी शत्रू सावध होण्याआधीच धडक मारायची.

पुढे काय झाले? २०१० मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी 'कोल्ड स्टार्ट' नावाचे काही नाहीच, असे सांगून टाकले. २०१७ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी ते आहे, असे मान्य केले. याच कल्पनेतल्या एकात्मिक लढाऊ गटांच्या चाचण्या व्हायला २०१९ उजाडले. जे धोरण आहे की नाही यावर दोन लष्करप्रमुखांचे जाहीर एकमत नाही, ते कॅप्टन-मेजरच्या अंगवळणी पडणार कसे?

'कोल्ड स्टार्ट'मागचा विचार मनुव्हर वॉरफेअरचा आहे, आणि ते म्हणजे नुसता वेग नव्हे. शत्रूच्या मजबूत फळीवर डोके आपटण्याऐवजी तिला वळसा घालायचा आणि त्याला सावरायला उसंत द्यायची नाही, हे त्याचे सूत्र. हे भारतीय लष्कराला परके नाही. बांगलादेश युद्धात ९ डिसेंबर १९७१ रोजी माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याने मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल उडवला. चौथ्या कोअरचे काम मेघनेपर्यंतचा प्रदेश घेण्याचे होते. ढाका त्यात नव्हते. लेफ्टनंट जनरल सगत सिंह तेथे थांबले नाहीत. हवाई दलाच्या मोजक्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी त्यांनी जवान पैलतीरी रायपुऱ्याला उतरवले. बाकीचे गावकऱ्यांच्या होड्यांतून गेले. पाण्यात चालणाऱ्या पीटी-७६ रणगाड्यांची इंजिने तापली, तेव्हा तेही होड्यांनी ओढून नेले. आठवड्याभरात ढाक्यात शरणागती झाली.

त्याच महिन्यात पश्चिमेला शकरगडच्या आघाडीवर शौर्य तसूभरही कमी नव्हते. ब्रिगेडियर अरुणकुमार वैद्य यांना तिथल्याच कामगिरीबद्दल दुसरे महावीरचक्र मिळाले. तरीही युद्धविराम झाला, तेव्हा शकरगड गाव हाती आले नव्हते. सुरुंगांची दाट पेरणी हे त्याचे एक कारण खरेच. पण टप्प्याटप्प्याने, जपून पुढे सरकण्याची सवय हे दुसरे.

मनुव्हर वॉरफेअरवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला अण्वस्त्रांचा. पाकिस्तानने २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या अण्वस्त्रवाहू 'नस्र' क्षेपणास्त्राची चाचणी केली ती 'कोल्ड स्टार्ट'ला शह देण्यासाठीच. म्हणून कोणती सीमारेषा ओलांडायची नाही, हे सरकारनेच ठरवावे. त्या मर्यादेच्या आत काम कसे फत्ते करायचे, हे मात्र जागेवरच्या कमांडरवर सोडावे.

दुसरा आक्षेप युक्रेनचा. ड्रोनच्या काळात काहीच लपत नाही, त्यामुळे असे युद्ध इतिहासजमा झाले, असे म्हटले जाते. २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झियाच्या आघाडीवर युक्रेनची चढाई सुरुंग आणि ड्रोनपुढे अडकली, हे खरे. पण त्याच युक्रेनने ऑगस्ट २०२४ मध्ये रशियाच्या कुर्स्कमध्ये मुसंडी मारून सगळ्यांनाच चकित केले. आकाशातून सतत नजर असताना हुकुमाची वाट पाहत उभी राहणारी तुकडीच आधी टिपली जाते.

अमेरिकेच्या मरीन कोअरने मनुव्हर वॉरफेअरचा हा वाद चारचौघांत घातला. त्यांच्या 'गॅझेट' मासिकात कनिष्ठ अधिकारी अनेक वर्षे या विषयावर भांडले. मग १९८९ मध्ये जनरल अल्फ्रेड ग्रे यांनी शंभरहून कमी पानांची 'वॉरफाइटिंग' ही पुस्तिका काढली. २०२० मध्ये जनरल डेव्हिड बर्गर यांनी दलातले सगळे रणगाडे काढून टाकायचे ठरवले, तेव्हा निवृत्त जनरलांनी वृत्तपत्रांतून त्यांच्यावर तोफ डागली. त्याने दलाची शिस्त मोडली नाही. भारतातही युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचे जर्नल १८७१ पासून निघते. व्यासपीठ आहे, त्यावर वरिष्ठांना खोडून काढणाऱ्या मेजरला अभय हवे.

म्हणून अपेक्षा तीनच. युद्धसरावात 'शत्रू'च्या बाजूला मनासारखे खेळू द्यावे आणि तिथे हरलेल्याच्या बढतीवर गदा येऊ नये. वार्षिक गोपनीय अहवालात स्वतःहून घेतलेल्या निर्णयाला वजन मिळावे, तो फसला तरीही. अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलसारख्या संस्थांत तरुण अधिकाऱ्यांना अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय लावावी. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने 'रुद्र'चा आढावा घेताना वाहनांची आणि ड्रोनची संख्या जरूर विचारावी. पण ब्रिगेड कमांडरला कोणते निर्णय वर न विचारता घेता येतात, याची यादीही मागावी.

– एक वाचक, अहिल्यानगर