‘आपलं’ म्हणजे कुणाच्या नावावर?



दोघेही नोकरी करणारे एखादे तरुण जोडपे घ्या. त्याच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. तिच्या पगारातून किराणा, वीजबिल, पाळणाघर आणि घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार. दोघे जवळजवळ सारखाच खर्च करतात, त्यामुळे वाटणी बरोबरीची वाटते. पण वीस वर्षांनी हिशेब मांडला तर त्याच्या नावावर घर असते आणि तिच्या नावावर किराण्याच्या पावत्या. यात कुणी कुणाला फसवलेले नसते. ‘सगळं आपलंच तर आहे’ असे म्हणत दोघे प्रामाणिकपणे संसार करत असतात.

म्हातारपणाच्या तरतुदीच्या जाहिरातींत पांढऱ्या केसांचे हसरे जोडपे दिसते. प्रत्यक्षात नवरी वयाने लहान हवी हा आपल्याकडचा दंडक, आणि स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा थोडे जास्त. म्हणजे म्हातारपणाची शेवटची वर्षे बहुधा तिला एकटीला काढायची असतात. तरतुदीची गरज तिला जास्त, आणि तिच्या नावावरची तरतूद मात्र कमी.

ती कमी का पडते? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मूल झाले, सासूबाई आजारी पडल्या, नवऱ्याची बदली झाली, की नोकरी सोडायची पाळी कुणाची हे घरात वेगळे ठरवावेच लागत नाही. आपल्या नियमांनीही ते गृहीत धरले होते. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत नोकरी सोडल्यावर पैसे काढण्यासाठी काही काळ थांबण्याची अट होती. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला ती माफ होती. लग्न झाले की तिची नोकरी संपणार, आणि साठवलेले पैसे लग्नात खर्च होणार, हे जणू ठरलेलेच!

या खर्चाची खरी किंमत तीस वर्षांनी कळते. अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेले एक लाख रुपये ८ टक्के चक्रवाढ व्याजाने अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे १० लाख झाले असते. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर तोवर वस्तूंच्या किमतीही पावणेसहा पट होतील. म्हणजे हे दहा लाख मोठे वाटले तरी फार नाहीत. मग जिच्याकडे तेवढेही नाहीत, तिने काय करायचे? शिवाय १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. नोकरी सुटताच सगळी रक्कम काढून घेतली तर आधीची वर्षेही त्यातून पुसली जातात.

कायदा यात फारशी मदत करत नाही. गोव्यात वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि प्रत्येकाचा तिच्यात अर्धा वाटा असतो. महाराष्ट्रात तसे नाही. इथे ज्याच्या नावावर, त्याचे. घटस्फोट झाला तर पत्नी पोटगी मागू शकते, पण संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत तिचा हक्काचा वाटा ठरलेला नाही. तो देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले. लोकसभेत ते मंजूर झाले नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये एका खटल्यात, घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांचाही मालमत्ता उभी राहण्यात हातभार असतो हे मान्य करून तिला अर्धा वाटा दिला. निकाल स्वागतार्ह आहे. पण प्रत्येकीने म्हातारपणी न्यायालयाची पायरी चढायची का?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. तरतूद दोघांनी मिळून करावी, पण ती दोन माणसांची, दोन नावांवरची असावी.

घर घेताना दोघांची नावे खरेदीच्या करारात घाला. अनेकदा तिला कर्जात सहकर्जदार केले जाते आणि करारात तिचे नाव नसते. म्हणजे फेडण्याची जबाबदारी तिची आणि मालकी त्याची. नोकरी बदलली किंवा सुटली तर भविष्य निर्वाह निधी मोडू नका. नवी नोकरी लागली की खाते तिकडे वळवून घ्या. लग्नाआधी त्या निधीत केलेले नामनिर्देशन लग्नानंतर बाद होते, ते नव्याने करा. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे ध्यानात ठेवा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. तेव्हा तिशीतच दोघांनी मृत्युपत्र करावे. त्यात अभद्र काही नाही.

सर्वांत महत्त्वाचे: मुलासाठी कुणी नोकरी थांबवायची असेल तर तो निर्णय दोघांचा, मग त्याची किंमतही दोघांची. ती घरी असेल तितके महिने त्याच्या पगारातून तिच्या पीपीएफ किंवा एनपीएस खात्यात रक्कम जमा व्हावी. पीपीएफ खाते संयुक्त नावावर निघतच नाही, तेव्हा तिचे स्वतंत्र खाते हवेच. ही भेट नव्हे आणि उपकारही नव्हेत. तो घरी राहिला तर हाच नियम त्यालाही.

‘नवरा-बायकोत कसला हिशेब?’ असे कुणी विचारेल. हिशेब तर आजही होतोच, फक्त तो एकाच नावावर लिहिला जातो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून दिला. त्यांचे संसार त्यामुळे मोडले नाहीत. सातबाऱ्यावर जे होऊ शकले, ते शहरातल्या सुशिक्षित जोडप्याच्या पासबुकात व्हायला काय हरकत आहे?

आणखी एक. आपण दोघे नोकरीला जाऊ शकतो ते जिच्या भरवशावर, त्या कामवाल्या बाईंना ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. अठरा ते चाळीस वयाच्या असतील तर त्यांना अटल पेन्शन योजनेत खाते काढता येते. ते काढायला मदत करा, आणि पगाराव्यतिरिक्त त्याचा हप्ता आपण भरा.

या तिमाहीत एक रविवार काढा. घरातली सगळी कागदपत्रे दोघांनी समोर घेऊन बसा आणि प्रत्येकावर कुणाचे नाव आहे ते एका कागदावर लिहा. काय आढळले, काय बदलायचे ठरले आणि कुठे अडले, ते आम्हाला जरूर कळवा.