एका किडीची फवारणी, दुसरीचा उद्रेक



मटक्याचा जन्म आपल्या कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तेवढे मागे राहिले. पुढे मडक्याचीही गरज उरली नाही. रमी, क्रिकेटच्या टीमा, आकडा, सारे खिशातल्या फोनवर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दुकान बंद झाले म्हणून गिऱ्हाईक बरे होत नाही.

कपाशी पिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. १९८० च्या दशकात बोंडअळीवर पायरेथ्रॉइडच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या. मित्रकिडी मेल्या आणि आंध्रात गुंटूरच्या पट्ट्यात पांढऱ्या माशीने शेतेच्या शेते बसवली. एका किडीकडे पाहून औषध मारणारा दुसरीला आवतण देतो. जुगाराच्या व्यसनाचेही तसेच आहे. ते सहसा एकटे येत नाही.

पुरावा पाहा. कंपवाताच्या रुग्णांना मेंदूतील डोपामिनसारखे काम करणारी औषधे देतात. अमेरिका आणि कॅनडातील अशा ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील १३.६ टक्के रुग्णांना आवरता न येणारी एखादी तरी खोड जडलेली आढळली. जुगार ५ टक्के, खरेदीचा हव्यास ५.७ टक्के, खा-खा ४.३ टक्के, कामवासनेचा अतिरेक ३.५ टक्के. ३.९ टक्के रुग्णांत दोन किंवा अधिक खोडी एकत्र होत्या. म्हणजे ज्यांना एक जडली, त्यांतल्या चारांत एकाहून जास्त जणांना दुसरीही होती. ही औषधे घेणाऱ्यांत प्रमाण १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. औषध कमी केले की बऱ्याच जणांची खोड ओसरते, हाही डॉक्टरांचा अनुभव आहे. जन्मात पत्ता न पिसलेला म्हातारा एका गोळीने जुगारी होत असेल, तर 'याचे वळणच वाईट' हा गावचा निकाल कितपत खरा मानायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत जुगार आणि फोनवरच्या खेळांचे व्यसन एकाच गटात, शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचे खत एकच: कधी मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस. दर वेळी मिळाले तर माणूस कंटाळेल, कधीच मिळाले नाही तर सोडून देईल. अधूनमधून मिळते आणि बऱ्याचदा थोडक्यात हुकते, म्हणून हात थांबत नाही. त्यातून जुगार सुटला की तोच हात फोनवरच्या बिनपैशाच्या खेळाकडे, उधारीच्या खरेदीकडे किंवा दारूकडे वळतो. घरचे म्हणतात, सुधारला. वर्षभराने पुन्हा सातबाऱ्यावर बोजा.

हा विषय काढला की आपलेच काही कार्यकर्ते अस्वस्थ होतात. 'शेतकरी व्यसनापायी बुडाला असे म्हणायला साहेब टपलेलेच आहेत, त्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?' भीती खोटी नाही. पण तोट्याची शेती हे आपल्या कर्जाचे मूळ आहे, हे सत्य जुगाराविषयी बोलल्याने पुसले जात नाही. उलट, जुगाराचे कर्ज खतबियाणांच्या नावाखाली लपले तर ते फेडण्याची वाटच सापडत नाही. उद्या कापसाला चांगला भाव मिळाला तरी ते पैसे त्याच भोकातून जातील. आणि लपवलेले कर्ज माणसाला एकटे पाडते. या व्यसनात जीव देण्याचा धोका मोठा आहे. कोणी 'आता जगून काय करू' म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

म्हणून प्रत्येक शाखेने चार गोष्टी कराव्यात. एक, जुगाराची गोष्ट निघाली की दारू, फोनवरचे खेळ, उधारीची खरेदी, हेही विचारावे. उपदेश न करता विचारावे. दोन, कर्जाची यादी घरधनिणीसमोर, खरी खरी लिहावी. पासबुक आणि पट्टीचे पैसे काही काळ तिच्या हाती राहावेत. तीन, भावकीने कर्ज फेडायला रोख रक्कम त्याच्या हाती देऊ नये. देणे परस्पर भागवावे. चार, जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञाकडे त्याच्याबरोबर जावे. तोवर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा फोन फुकट आहे.

पिकाची पाहणी करताना आपण पान उलटून पाहतो. घरातल्या माणसाच्या बाबतीत एवढे तरी करू या.