बरोबरीला कमी लेखू नका

क्लबातल्या दोन साध्या खेळाडूंचा बुद्धिबळाचा डाव तीन तासांनी बरोबरीत सुटला, की बघणाऱ्यांतला एक तरी हमखास म्हणतो, ‘म्हणजे निकाल काहीच नाही!’ हे म्हणणं चूक आहे, आणि ही चूक पटापुरती राहत नाही.

तो अर्धा गुण येतो कुठून ते आधी पाहा. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती उरलाय आणि एकाकडे एक प्यादं जास्त आहे. बघ्यांच्या लेखी डाव संपला. पण फिलिदोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकातच बचावाची वाट दाखवून ठेवली आहे. आपला राजा प्याद्याच्या वाटेत उभा करायचा. हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या आडव्या रांगेत ठेवायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं त्या रांगेत सरकलं, की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. समोरच्या राजाला मग आडोसाच उरत नाही. यात हत्ती एक चाल उशिरा हलवला तरी डाव हातचा जाऊ शकतो. हा निकाल नाही, तर काय आहे?

कोणी मोबाइल पुढे करून सांगतो, ‘तेविसाव्या चालीला तू जिंकत होतास.’ असेल. पण मोबाइलला घाम फुटत नाही आणि त्याचं घड्याळही संपत आलेलं नसतं.

दहा चालींत हात मिळवून चहाला जाणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. 2005 साली सोफियाच्या स्पर्धेत आपसांत बोलून बरोबरी करायला बंदी घातली गेली, ती योग्यच होती. पण ती बंदी तडजोडीवर होती, बरोबरीवर नव्हती. 2018च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे मुख्य बाराही डाव बरोबरीत सुटले; म्हणून ते दोघे कच्चे ठरत नाहीत.

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. शह, मात, वजीर, प्यादं यांच्यासारखाच ‘बरोबर’ हा शब्दही फारसीतून मराठीत आला. त्याच्यापासून झालेली ‘बरोबरी’ म्हणजे समानता. ‘त्याची बरोबरी कोण करणार?’ असं आपण कौतुकानेच विचारतो. मग पटावर एखाद्याने ती करून दाखवली, की नाक का मुरडतो? समोरच्याला पाडल्याशिवाय आपण उभे आहोत असं वाटतच नाही, म्हणून! शह आणि मात आपण राजकारणात नेले, घरच्या भांडणातही नेले. बरोबरी तेवढी पटावरच सोडून आलो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कोण जिंकलं?’ एवढंच विचारून थांबू नका. एक प्यादं कमी असताना तो वाचला कसा, हेही विचारा.