सरासरीवर जगता येत नाही

४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादनातून घडवलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. ‘पुसा डीएसटी राइस १’ या वाणात एक जनुक निकामी केल्याने पानांवरील रंध्रे कमी होतात आणि पाण्याचा ताण अधिक सोसला जातो. ‘डीआरआर धान १००’ अर्थात ‘कमला’ हे दुसरे वाण मूळ वाणापेक्षा सुमारे २० दिवस आधी कापणीस येते. वृत्तांत ठळक झाले ते संपादनाचे तंत्र आणि उत्पादनवाढीची टक्केवारी. कोरड्या प्रदेशाच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलका आकडा या २० दिवसांचा आहे.

कारण वर्षायू वनस्पतीपुढचा खरा प्रश्न पाण्याइतकाच वेळेचा असतो. तिला एकाच हंगामात रुजायचे, वाढायचे, फुलायचे आणि बी मागे ठेवून संपायचे असते. बाभळीसारखी खोल मुळे तिला नाहीत, निवडुंगासारखी साठवणही नाही. पाऊस किती दिवस टिकेल हे तिला ठाऊक नसते. तरीही थरच्या वाळवंटात पहिल्या सरींनंतर जमीन हिरवी होते ती बहुतांशी अशाच अल्पायुषी गवतांनी आणि वेलींनी.

त्यांच्या यशामागचे गणित जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडले. त्याचे साधे रूप असे. चांगल्या वर्षी रुजलेले एक बी १० बिया देते, वाईट वर्षी एकही नाही. १०० बियांपैकी सर्व रुजल्या, तर चांगल्या वर्षानंतर १००० होतील आणि पुढच्या वाईट वर्षी शून्य. दरवर्षी निम्म्याच रुजल्या आणि उरलेल्या जमिनीत सुरक्षित राहिल्या, तर चांगल्या वर्षानंतर ५५० आणि वाईट वर्षानंतर २७५ उरतील. वार्षिक वाढीची सरासरी पाहिली, तर पहिली रीत पाचपट आणि दुसरी तिप्पट. सरासरीत हरलेली रीतच शेवटी जिवंत राहते, कारण पिढ्यांचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा असतो, आणि गुणाकारात एक शून्य पुरते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. पायात रुतणाऱ्या सराट्याच्या प्रत्येक काटेरी तुकड्यात एकाहून अधिक बिया असतात. त्यांतील मोठी बी सहसा आधी रुजते, बाकीच्या पुढच्या संधीसाठी थांबतात. अमेरिकेतील सोनोरन वाळवंटात लॉरेन्स व्हेनेबल यांनी दीर्घकाळ केलेल्या नोंदींतही हेच दिसले: ज्या जातींचे यश वर्षागणिक अधिक हेलकावते, त्यांच्या बिया एका हंगामात कमी प्रमाणात रुजतात.

रुजल्यानंतर दुसरा पेच येतो: पाने वाढवायची की बी धरायचे? हंगामाची लांबी निश्चित असेल, तर आधी केवळ वाढ आणि मग एका क्षणी सारे बळ बियांकडे, हे उत्तम. ती अनिश्चित असेल, तर थोडे लवकर आणि टप्प्याटप्प्याने फुलणे हिताचे ठरते. बाजरी नेमके हेच करते. फुलोऱ्यापूर्वी ताण पडून मुख्य कणीस बिघडले, तरी मागाहून आलेले फुटवे पुढच्या पावसावर कणसे धरतात. पश्चिम राजस्थानातील अनेक देशी वाणांना फुटवे पुष्कळ आणि कणसे बारीक असतात. पूर्वेकडे पाऊस वाढतो, तसे फुटवे घटतात आणि कणीस भरदार होते.

मात्र एक गोष्ट पिकाने गमावली आहे. माणसाने हजारो वर्षे एकाच वेळी रुजणारे बी निवडले, त्यामुळे जमिनीत वाट पाहण्याचा गुण मागे पडला. बियाने सोडलेली ती सावधगिरी शेतकऱ्याने हाती घेतली. बाजरीसोबत मटकी आणि गवार पेरणे, घरात बियाणे राखणे, ही तीच विभागणी आहे. मागासलेपणा म्हणून तिच्याकडे पाहणे हे गणिताचे अज्ञान होय.

या जाणिवेतून झालेले संशोधन भारतात आहे. हिसारच्या कृषी विद्यापीठाचा ‘एचएचबी ६७’ हा बाजरीचा संकर १९९० मध्ये आला. तो सुमारे ६५ दिवसांत तयार होतो आणि शेवटच्या टप्प्यातील दुष्काळातून निसटतो. केवडा रोगाला तो बळी पडू लागला, तेव्हा हैदराबादजवळील इक्रिसॅटच्या सहकार्याने रेणवीय खुणांच्या आधारे प्रतिकारक्षम जनुके त्यात आणली गेली आणि २००५ मध्ये सुधारित संकर प्रसृत झाला. बाजरीच्या राष्ट्रीय चाचण्यांत ४०० मिलिमीटरहून कमी पावसाच्या प्रदेशासाठी स्वतंत्र विभागही आहे.

तरीही वाणाची ओळख करून देताना पुढे येतो तो सरासरी उत्पादनाचाच आकडा. यावर आक्षेप घेता येईल की शेतकरी म्हणजे वाळवंटातील गवत नव्हे. त्याला दुकानातून बियाणे मिळते, पीकविमाही आहे. लवकर येणारे वाण चांगल्या वर्षी कमी पिकते, हेही खरे. परंतु करपलेल्या हंगामात जनावरे विकली जातात, कर्ज चढते आणि पुढच्या पेरणीची ऐपत घटते. कोरडवाहू शेतकऱ्याचाही हिशेब गुणाकाराचाच आहे. २००२ च्या जुलैत देशभरातील पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला होता. अशा वर्षी सरासरी कोणाचे पोट भरत नाही.

म्हणून प्रत्येक नव्या वाणासोबत दोन आकडे जाहीर व्हावेत: सरासरी वर्षाचा आणि चाचणीतील सर्वांत वाईट वर्षाचा. करपलेला हंगाम हा चाचणीतील अडथळा नसून तिचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. जनुक-संपादनाचे तंत्र नवे आहे आणि स्वागतार्हही. ते वापरून कोणता गुण निवडायचा, हे मात्र आपण वाणाला कोणता प्रश्न विचारतो त्यावर ठरेल. सर्वाधिक किती देशील, हा प्रश्न सुपीक बागायतीचा आहे. कोरड्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे: पाऊस गेला, तर काय उरेल?