रुग्णवाहिका येईपर्यंत काय?



कोरोनाच्या काळात साखर कारखान्यांनी सॅनिटायझर तयार केले. २०२१ साली धाराशिव साखर कारखान्याने चोराखळी येथे इथेनॉल प्रकल्पातून ऑक्सिजनही काढला. ही गोष्ट भूषणावह होय. परंतु त्याच काळात काही माणसे अशी गेली की, त्यांना सिलिंडर किंवा इस्पितळातील खाट मिळण्याइतकी सवडच नव्हती. चालता-बोलता हृदय बंद पडलेली ही माणसे.

फ्रान्समधील पॅरिस व परिसरात अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवतात, म्हणून तेथील आकडे मिळतात. १६ मार्च ते २६ एप्रिल २०२० या सहा आठवड्यांत इस्पितळाबाहेर हृदय बंद पडण्याचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या जवळजवळ दुप्पट झाले. त्या वाढीचा सुमारे तिसरा हिस्साच कोरोनाशी जोडता आला. पूर्वी शंभरातील ६४ जणांची छाती जवळच्या कोणीतरी दाबली होती, त्या दिवसांत ४८ जणांचीच दाबली गेली. इस्पितळात जिवंत पोचणारे शंभरी २३ होते, ते १३ वर आले. गाडीला उशीर झाला तो मात्र जेमतेम एका मिनिटाचा. सारा दोष भीतीचा नाही, घरातच कोसळणारे वाढले होते हेही खरे. पण पुढे येणारे हात कमी झाले ही गोष्ट उरतेच.

आपल्याकडे काही निराळे नव्हते. विदर्भातील पहिला कोरोना मृत्यू २८ मार्च २०२० रोजी बुलढाण्यातच झाला. पुढे गावोगाव वेशीवर काट्या पडल्या आणि खोकला ऐकला की शेजारी दार लावू लागला. अशा वेळी अंगणात पडलेल्या माणसाला हात कोण लावणार?

आणि कोरोना नसतानाही आपण कोठे हात लावतो? तोंडावर पाणी मारतात, नाकाला कांदा लावतात, जीप शोधतात. कोणी पुढे झालाच तर मागून आवाज येतो, “आपल्याले काय समजते त्यातलं, डाक्टर येऊ द्या. उद्या नाव आपल्यावर येईन.” डॉक्टर येईपर्यंत मात्र सारे संपलेले असते. हृदय बंद पडल्यावर छाती दाबली गेली नाही, तर वाचण्याची आशा दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवले. पण घाटावरच्या सिंदखेडराजा, लोणारकडील आडवळणाच्या वस्तीवर किंवा घाटाखाली संग्रामपूरकडे पावसाळ्यातल्या चिखलवाटेने दहा मिनिटांत गाडी यावी ही अपेक्षाच चूक आहे. ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून काही मंडळी सुचवतात त्याप्रमाणे आणखी एक रुग्णवाहिका घेण्याआधी प्रत्येक ऊस गटात पाच-पाच माणसे शिकवून तयार करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये गावातलेच स्वयंसेवक असे काम करतात; गाडी निघते त्याच वेळी जवळच्या स्वयंसेवकाला निरोप जातो. आपल्याला एवढा बडेजाव नको. शेतकी विभागाचा स्लिप बॉय, गटसचिव, आशाताई, अंगणवाडी सेविका, मोटार-पंपाची कामे करणारा वायरमन एवढी माणसे पुरेत. वायरमन मुद्दाम म्हटले. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला गेलेला तरुण पोरगा ओल्या पेटीला चिकटतो, तेव्हा त्याचेही हृदयच बंद पडलेले असू शकते. तेथे आधी मुख्य पुरवठा तोडायचा, मगच हात लावायचा.

शिकायला अर्धा दिवस पुरे. हाक मारली, हलवले, तरी माणूस उत्तर देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके देतो, तर १०८ ला फोन करून मोबाईल स्पीकरवर ठेवायचा. बाजेवरून काढून कडक जमिनीवर उताणे निजवायचे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, त्यावर दुसरा हात घेऊन, सेकंदाला साधारण दोनदा दाबायचे. छाती दोन इंच खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. दोन मिनिटांत चांगला गडीही दमतो, म्हणून पाळी बदलायची. भारतीय भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसाकरता केवळ छाती दाबण्याचीच पद्धत सांगितली आहे. साथ असेल तेव्हा रुग्णाच्या नाकातोंडावर उपरण्याचा पदर टाकावा, स्वतःचे तोंड झाकावे. तोंडाने श्वास देण्याची गरज नाही. विहिरीत बुडालेल्याला आणि लहान मुलाला श्वासही लागतो, ते प्रशिक्षणात वेगळे शिकावे.

एक अडचण कोणी उघड बोलत नाही. बाईमाणूस कोसळली तर परपुरुषाने छातीवर हात कसा ठेवावा, असे सर्वांनाच वाटते. म्हणून पाचांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. त्या जवळ नसतील तेव्हा मात्र जो असेल त्यानेच दाबावे, आणि घरच्यांनी त्याला अडवू नये.

इतके करूनही पुष्कळजण वाचणार नाहीत. बरगडी मोडेल, माणूसही जाईल. अशा वेळी शिकलेल्या पोराला गावाने बोल लावला तर दुसऱ्या खेपेस कोणी उठणार नाही, याची जबाबदारी सरपंच व पोलीस पाटलांनी घ्यावी.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत न ढकलता विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी संचालक मंडळास विनंती आहे. पहिली तुकडी बॉयलर पेटण्यापूर्वी शिकून तयार व्हावी, आणि टोळ्या उतरल्या की मुकादमांनाही तेच शिकवावे. कोप्या गावापासून लांब, फडाच्या कडेला असतात.