संरक्षित स्मारके आणि त्यांचे शेजारी

भारतातील एखाद्या जुन्या किल्ल्याच्या, लेण्याच्या किंवा मंदिराच्या प्रवेशाजवळ निळ्या रंगाची एक पाटी बहुधा आढळते. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित करण्यात आले आहे आणि त्याची नासधूस करणारा कायद्याने शिक्षेस पात्र ठरेल, असा त्या पाटीचा आशय असतो. पूर्वी ही शिक्षा तीन महिन्यांचा कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, फार तर दोन्ही, एवढीच होती. २०१० साली तिची मर्यादा दोन वर्षे आणि एक लाख रुपये इतकी वाढवण्यात आली. पाटीत धाक पुरेसा असतो. स्मारकाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने त्यासाठी काय करावे, याविषयी मात्र तिच्यात एक अक्षरही नसते.

हा धाक अनाठायी आहे असे मुळीच नाही. आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या काठी अमरावती येथे एक भव्य बौद्ध स्तूप होता. १७९७ साली कर्नल कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचला, तेव्हा स्थानिक जमीनदाराने नवे गाव वसवण्यासाठी त्या टेकाडातून विटा व दगड काढण्यास सुरुवात केली होती. कोरीव शिल्पे असलेल्या कित्येक शिळा चुनखडीच्या होत्या. त्या भट्टीत भाजून त्यांचा चुना करण्यात आला. काही वर्षांनी मॅकेन्झी पुन्हा आला, तोवर बरेच काही नाहीसे झाले होते. उरलेल्या शिळांपैकी काही आज चेन्नईच्या संग्रहालयात आहेत, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. ज्या जागी स्तूप होता तेथे आता प्रामुख्याने त्याचा पायाच पाहावा लागतो. चुना भाजणाऱ्या लोकांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्या दृष्टीने तो केवळ हाताशी असलेला दगड होता, आणि तो दगड कोणाचा, असे विचारणारे त्या काळी कोणी नव्हते.

मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाचे नशीब त्या मानाने थोर. तेथेही १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने ठेव्याच्या शोधात मोठा स्तूप वरून खाली खणून काढला आणि त्याची एक बाजू ढासळली. पण पुढे १८६१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम सुरू झाले, १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला, आणि १९१२ ते १९१९ या काळात सर जॉन मार्शल यांनी सांचीची रीतसर डागडुजी केली. आज दिसणारा स्तूप हे बव्हंशी त्या कामाचे फळ होय. जुन्या वास्तूचे जे मूळ उरले आहे ते राखावे, कल्पनेने तिला नवे रूप देऊ नये, हा मार्शल यांचा आग्रह होता, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आजही तो मोठ्या प्रमाणात मानते. स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राज्यावर सोपवली आणि १९५८ च्या कायद्याने तिला सविस्तर रूप दिले. अशी केंद्र-संरक्षित स्मारके आज ३,६०० हून अधिक आहेत.

शासनाच्या हाती वास्तू गेली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज मात्र भाबडा आहे. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याने आस्थेने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी भिंतींवरून सुटू लागलेला चित्रांचा गिलावा घट्ट बसवला, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. कालांतराने ते रोगण पिवळे, काळपट पडले आणि त्याखालचे रंग झाकोळून गेले. पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना ते तसूतसूने काढत बसावे लागले. हेतू शुद्ध होता, पैसा होता, त्या काळातले उत्तम ज्ञानही होते. तरीही इजा झाली. म्हणूनच जे काही करायचे ते पुढे काढून टाकता येईल असे असावे, असा दंडक आजचे संवर्धक पाळू पाहतात.

नागार्जुनकोंड्याची गोष्ट याहून अवघड निवडीची आहे. कृष्णा नदीवर मोठे धरण बांधायचे ठरले, तेव्हा इक्ष्वाकू राजांच्या प्राचीन राजधानीचे संपूर्ण खोरे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट होते. १९५४ ते १९६० या काळात तेथे वेगाने उत्खनन झाले आणि निवडक वास्तू दगड-विटांसह उचलून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभारण्यात आल्या. टेकडीभोवती आता जलाशय आहे; तेथील संग्रहालयात नावेने जावे लागते. खोरे गेले ते गेलेच. तरी शेतीला पाणी आणि इतिहासाची स्मृती या दोहोंपैकी एकाला सरळ बुडवून टाकण्याऐवजी शासनाने दोन्हींसाठी धडपड केली, हे मान्य करावे लागेल.

सगळीकडे अशी धडपड झाली नाही. २०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी करविली, तेव्हा त्यांतील ९२ स्मारके जागेवर आढळलीच नाहीत! पुढे शोध घेतल्यावर काहींचा पत्ता लागला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीपुढे जी माहिती आली तीनुसार ५० स्मारके नाहीशी झाली होती: १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ कोठे आहेत याचा थांगपत्ताच नव्हता. मार्च २०२४ मध्ये अशा १८ स्मारकांना यादीतून वगळण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यांत हरियाणातील मुजेसर येथील एक कोस मीनार होता. कोस मीनार म्हणजे मोगल काळातील राजमार्गांवर दर कोसाचे अंतर दाखवणारा विटांचा मनोरा. प्रवाशांना वाट सापडावी म्हणून उभारलेली वस्तू स्वतःच हरवावी, यावर कोणी काय बोलावे?

ताजमहाल हरवत नाही. हरवते ते कोपऱ्यातले थडगे, शेताच्या बांधावरचा शिलालेख, वस्तीच्या कडेचा मनोरा. ज्याला तिकीट नाही आणि ज्याच्यापाशी पहारेकरीही नाही असे काहीतरी. त्याच समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे देशभरातील स्मारकांसाठी सुमारे ७,००० रक्षकांची गरज होती, आणि पैशाअभावी २४८ ठिकाणी मिळून २,५७८ रक्षकच नेमता आले होते. याचा सरळ अर्थ असा, की उरलेल्या हजारो स्मारकांची राखण प्रत्यक्षात शेजारचे लोकच करीत आले आहेत, किंवा कोणीच करीत नाही. एक मनोरा एका दिवसात नाहीसा होत नाही. प्रथम विटा जातात, मग भोवती गोठा उभा राहतो, मग भिंत येते. हे सारे रोज पाहणारा माणूस असतो तो शेजारी. कार्यालय असते शंभर मैल दूर.

या शेजाऱ्याशी कायद्याचे नाते कसे आहे? २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरते. पहिल्या शंभर मीटरांत नवे घर बांधता येत नाही; जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. हा नियम उगाच आलेला नाही. त्याआधी स्मारकांना खेटून इमले उभे राहत होते आणि वेळोवेळी अपवाद करून त्यांना मुभाही दिली जात होती. बांधकाम व्यावसायिक गरीब घरमालकाला पुढे करून त्याच्याआड उभा राहतो, हेही खोटे नाही. परंतु मोकळ्या माळावरील एकाकी स्तंभ आणि दाट वस्तीतील थडगे यांना एकच माप लावले की अन्याय होणारच. मुलाचे लग्न झाले म्हणून एक खोली वाढवू पाहणारे कुटुंब आणि सात मजले चढवणारा व्यावसायिक यांच्यात ही शंभर मीटरची रेघ फरक करीत नाही. अशा घरातील माणूस त्या स्मारकाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील? त्याच्या आजोबांनी ज्याच्या सावलीत दुपार काढली, तीच वास्तू त्याच्या दारातील अडचण होऊन बसते. विशेष म्हणजे प्रतिबंधित क्षेत्रात केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना सूट देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, हे बरेच झाले. स्वतःच्या रस्त्या-पुलांसाठी सवलत मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या खोलीचाही विचार त्याच बैठकीत करायला हवा होता.

कर्नाटकातील हंपी येथे विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारपेठेत दगडी मंडपांच्या आधाराने लोक राहत होते, दुकाने चालवीत होते. जुलै २०११ मध्ये ती वस्ती हटवण्यात आली. मंडप मोकळे झाले, त्यांचे खांब दिसू लागले. बाजार मात्र उरला नाही. विजयनगरच्या वैभवकाळी ती जागा बाजारच होती, हे विसरून चालणार नाही.

याउलट तंजावर पाहावे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि तेथे नित्य पूजाही चालते. मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजाने १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. त्याच घराण्याकडे मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद चालत आले आहे. तमिळ राजाचे मंदिर, मराठी लेख, केंद्र शासनाची देखभाल आणि स्थानिक भाविकांची वर्दळ. मतभेद होतात, न्यायालयापर्यंतही जातात, पण कोणी कोणाला हाकलून देत नाही. वापरात असलेली वास्तू मेलेल्या वास्तूपेक्षा जपायला कठीण असते खरी. तिच्यावर लक्ष ठेवणारे डोळे मात्र कितीतरी अधिक असतात.

तेव्हा कायदा सैल करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. जो आहे तो पुरता अमलात आणावा. २०१० च्या कायद्यानेच प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी, म्हणजे त्या त्या परिसराला अनुरूप असे बांधकामाचे नियम, तयार करण्यास सांगितले आहे. हे काम फार मंद गतीने चालले आहे. ते पुरे झाले तर कोठे एक मजला चालेल, कोठे कौलारू छप्परच हवे, कोठे काहीच नको, हे घरमालकाला आधीच कळेल. दुरुस्तीच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. रक्षकांच्या जागा भरताना स्मारकाच्या गावातील तरुणांना आधी विचारावे. ज्याचे पोट त्या वास्तूवर चालते तो तिची वीट विकणार नाही. आणि दगड निखळल्याची खबर देणाऱ्या गावकऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात अडकवण्याऐवजी त्याचे नाव नोंदवून ठेवावे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारखे आठ किल्ले केंद्राच्या, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्य शासनाच्या संरक्षणाखाली आहेत. पन्हाळ्यावर तर तटाच्या आतच गाव नांदते. तेथे शाळा आहे, बाजार आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आहेत. किल्ल्याच्या व्यवस्थापनाचे निर्णय जेथे होतील त्या टेबलाभोवती पन्हाळ्याच्या घरमालकाला आणि दुकानदाराला खुर्ची आहे की नाही, हे तेथील तटाला लागणाऱ्या चुन्याइतकेच महत्त्वाचे ठरणार आहे.