गुणवत्ता आहे हो, पण ट्रॅक कुठाय?

राहुड घाटातून कोण किती जोरात गाडी उतरवतो, यावर चांदवडच्या कुठल्याही कॉलेज कट्ट्यावर वाद रंगतो. त्यात एक जण हमखास म्हणतो, 'भावा, मला चान्स मिळाला असता ना, तर मी पण फॉर्म्युला वनमध्ये असतो!' सगळे हसतात. पण त्याच्या वाक्यातला 'चान्स' हा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मुंबईच्या जहान दारुवालाचं नाव ऐकलंय? २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून कार्टिंगमधली मुलं शोधली. त्यातून तिघे निवडले गेले. जहान त्यातला एक, वय जेमतेम १३. कार्ट म्हणजे खेळणं समजू नका. सस्पेन्शन नसलेली, जमिनीला टेकल्यासारखी धावणारी ती गाडी प्रत्येक वळणावर हात आणि मान पिळून काढते. जगातले जवळपास सगळे मोठे ड्रायव्हर तिच्यातूनच घडलेत.

तिथून जहान युरोपात गेला. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत तिसरा आला. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनच्या साखीर सर्किटवर फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या वर्षीचा त्याचा टीममेट युकी त्सुनोडा पुढच्याच हंगामात फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. जहान मात्र फॉर्म्युला टूमध्ये चार हंगाम खेळला आणि मग फॉर्म्युला ईकडे वळला.

मग तो हरला का? अजिबात नाही. त्या काळात फॉर्म्युला वनमध्ये अख्ख्या जगासाठी जागा होत्या फक्त २०. भारतातून तिथे आजवर दोघंच पोहोचले, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक.

माझा आक्षेप वेगळाच आहे. अशी गोष्ट आपल्याला 'जिद्द असेल तर सगळं शक्य' या थाटात सांगितली जाते. ही अर्धी गोष्ट झाली. जहानची मेहनत शंभर टक्के खरी, पण त्याचं घर उद्योजकाचं आहे, हेही तितकंच खरं. टायर, इंजिन, मेकॅनिक, परदेशातला मुक्काम धरला, तर वरच्या पायऱ्यांवर एका हंगामाचा खर्च कोटींत जातो. कांद्याचा भाव पडला की कॉलेजची फी लांबणाऱ्या घरातला पोरगा हा खर्च कुठून आणणार? आणि शेवटी दोष द्यायचा त्याच्या जिद्दीला?

म्हणून मला जहानच्या यशापेक्षा २०११ ची ती निवड मोठी वाटते. ड्रायव्हिंग बघून मुलं निवडली, पुढच्या वाटेला हात दिला. अशी दारं नेहमी उघडी हवीत. कुस्तीला गावोगावी तालमी आहेत, म्हणून शेतकऱ्याचा मुलगाही पैलवान होतो. मग मोटारस्पोर्टची तालीम का नको? जिल्ह्याला एक साधा कार्टिंग ट्रॅक, शाळकरी मुलांसाठी स्वस्त प्रशिक्षण आणि दरवर्षी खुली निवड, एवढं मागणं काही जास्त नाही.

ट्रॅक नसला की वेग रस्त्यावर उतरतो. मुंबई-आग्रा हायवेवर समोरून कंटेनर येत असतो. तिथे पिवळा झेंडा दाखवायला कुणी मार्शल नसतो, की वळणाबाहेर टायरची भिंत नसते. घाटात जोरात गाडी हाकणं म्हणजे रेसिंग नव्हे, आणि ते करून कुणी निवडलंही जात नाही.

खरंच गाड्यांचं वेड असेल तर आजही काही वाटा आहेत. तुम्ही इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची बाहा किंवा फॉर्म्युला भारतची टीम गाठा. नसेल, तर चार मित्र जमवून उभी करा. स्वतः वेल्डिंग केलेली गाडी कोइम्बतूरच्या ट्रॅकवर धावताना बघणं ही काही छोटी गोष्ट नाही. रेसिंगला ड्रायव्हर एक लागतो, पण त्याच्यामागे इंजिनिअर आणि मेकॅनिकची फौज लागते.

आणि पुढच्या निवडणुकीत कुणी 'युवकांसाठी क्रीडा संकुल' म्हणत मत मागायला आलं, तर विचारा, 'साहेब, त्यात कार्टिंगचा ट्रॅक आहे का?'